पतसंस्थेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र: बंद केलेले विंडोजचे अपडेट परत चालू करा

आदरणीय चेअरमन साहेब, व्हाईस चेअरमन साहेब, सर्व संचालक आणि मॅनेजर साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आईची एफडी रिन्यू करायला शाखेत आले होते. दोन नंबरच्या काउंटरवर मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने एक कागद चिकटवलाय, निळ्या पेनने लिहिलंय, "अपडेट आले तर कॅन्सल करावे. आदेशावरून." शेजारच्या काउंटरवर पण तोच कागद. आई पावतीवर सही करत होती आणि मी तो कागद बघत उभी होते, त्या दिवसापासून झोप नीट लागलेली नाही म्हणून हे लिहायला घेतलंय.

मी अकरा वर्षं तुमची सभासद आहे. आईच्या पेन्शनमधून साठलेली ठेव तुमच्याकडे आहे, माझ्या दुकानाची पिग्मी रोज संध्याकाळी तुमचा एजंट घेऊन जातो, आणि मागच्या वर्षीपर्यंत हेड ऑफिस आणि चार शाखा मिळून सव्वीस कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडे होती. ते काम माझ्याकडून का गेलं ते तुम्हाला माहितीय, खाली लिहितेच. पण आधीच सांगते, काम परत मिळावं म्हणून हे पत्र नाही, दिलंत तरी घेणार नाही. संस्थेचं नावही मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण नाव वाचून लोक घाबरून ठेवी काढायला रांगा लावतील आणि तसं झालं तर नुकसान आमचंच आहे. ज्यांना लिहिलंय त्यांना कळेल. आणि वाचणाऱ्या कुणाला वाटलं की हे आपल्याच पतसंस्थेबद्दल, आपल्याच शाळेबद्दल, आपल्याच ग्रामपंचायतीबद्दल लिहिलंय, तर त्यांनी सरळ आत जाऊन विचारावं.

आता मूळ प्रकार. २०२५ चा मार्च एंड. भर दुपारी बारा वाजता दोन नंबरचं मशीन आपोआप रीस्टार्ट झालं आणि स्क्रीनवर टक्के मोजत बसलं, तीसवर अडकलं, पन्नास मिनिटं हललं नाही. समोर हप्ते भरणाऱ्यांची रांग, कॅशियर बिचारा हाताने पावत्या लिहीत होता, त्यात दोन संचालक तिथेच बसलेले. लोकांना त्रास झाला हे मला मान्य आहे, मी स्वतः धावत आले होते. पण ते मशीन दुपारी का बसलं याचं कारण मी तेव्हाही सांगितलं होतं. संध्याकाळी सहा वाजले की शिपाई मेन स्विच बंद करतो. रात्री मशीन चालू राहिलंच नाही तर त्याने अपडेट करायचं कधी? आलेला अपडेट दिवसेंदिवस पेंडिंग राहतो, मुदत संपते, आणि मग ते जेव्हा चालू असेल तेव्हा करतं, म्हणजे ऐन कामाच्या वेळेत. मशीनची कामाची वेळ सेटिंगमध्ये बांधून देता येते, सलग अठरा तासांपर्यंत, तेवढ्या वेळात ते स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. मी ती लावून ठेवली होती. पण वेळ बांधून उरलेल्या तासांत करंटच नसेल तर त्या सेटिंगचा उपयोग शून्य.

पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की सगळ्या मशीनवरचे अपडेट कायमचे बंद. मला फोन आला, "मॅडम, ते एकदाचं बंद करून टाका." मी म्हटलं मी करणार नाही, त्याऐवजी शनिवारी रात्रीची वेळ लावून देते, एका महिन्यात फरक दिसेल. तुम्ही दुसरा मुलगा बोलावलात, त्याने एका संध्याकाळी सगळ्या मशीनवर अपडेटची सर्व्हिस डिसेबल केली, आणि पुढच्या महिन्यात माझी एएमसी रिन्यू झाली नाही. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याला सांगितलं ते त्याने केलं.

मी नाही म्हटलं त्याला एक कारण आहे आणि ते मी आजवर कुणाला उघडपणे सांगितलेलं नाही.

२०१७ पर्यंत मी पण हेच करत होते. दुकानात मशीन फॉरमॅटला आलं की विंडोज टाकायचं, ऑफिसचे प्रोग्रॅम टाकायचे, मराठी फॉन्ट टाकायचे, आणि शेवटी अपडेट बंद करायचे, कारण गिऱ्हाईकच सांगायचं "ताई, ते अपडेटचं बंद करून द्या, नेट खातं आणि मशीन स्लो होतं." तेव्हा डोंगलवर एक जीबी डेटा जपून वापरायचे दिवस होते, त्यामुळे मलाही ते पटायचं. किती मशीन अशी केली असतील, शेकड्याने.

मे २०१७ च्या एका सोमवारी, तारीख १५, सकाळी साडेनऊला एका अडत दुकानातून फोन आला. गेले तर चारपैकी तीन कॉम्प्युटरवर लाल खिडकी, डाव्या बाजूला उलटं घड्याळ, ३०० डॉलरचे बिटकॉइन पाठवा, तीन दिवसांनी रक्कम दुप्पट, सात दिवसांनी फायली कायमच्या गेल्या. वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर. शुक्रवारी १२ तारखेला जगभर सुटलेलं ते हेच. टॅलीचा डेटा, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारीची खाती, सगळ्या फायलींची नावं बदललेली, एकही उघडेना. बॅकअप होता, पण बॅकअपची हार्डडिस्क मशीनला कायम जोडूनच ठेवलेली होती म्हणून ती पण गेली. त्या मालकांनी पैसे पाठवले नाहीत, मीच नको म्हटलं. मग कागदी पावत्यांवरून सगळं परत लिहायला त्यांच्या दोन मुनीमांना अडीच महिने लागले, आणि काही शेतकऱ्यांचे हिशेब शेवटपर्यंत जुळलेच नाहीत, त्यावरून भांडणं झाली, एक जुना माणूस दुकान सोडून गेला.

त्या दिवशी रात्री घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की विंडोजमधल्या ज्या भोकातून ते आत शिरलं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. म्हणजे दोन महिने आधी, फुकट. आणि त्या चारही मशीनवर अपडेट बंद करणारी मी होते. जे एक मशीन वाचलं ते त्या दिवशी बंद होतं म्हणून वाचलं. मालकांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, बंद करायला त्यांनीच सांगितलं होतं ना. पण मला माहीत असायला हवं होतं, ते माझं काम होतं. त्यानंतर सहा महिने मी जुन्या वह्या काढून एकेका गिऱ्हाईकाकडे जाऊन सर्व्हिस परत चालू करत फिरले, पैसे न घेता. म्हणून तुम्ही फोनवर ते वाक्य बोललात तेव्हा मी लगेच नाही म्हटलं.

हा महिन्याचा अपडेट म्हणजे नक्की काय ते एकदा नीट सांगते, कारण ठराव करताना मंडळातल्या कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टची पद्धत ठरलेली आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या एकदम द्यायच्या. तिकडे सकाळी दहा वाजता निघतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा, त्यांच्या थंडीच्या दिवसांत साडेअकरा. आपल्यासाठी बुधवार सकाळच समजा. एका महिन्यात कधी पन्नास-साठ, कधी शंभराच्या वर भोकं बुजवलेली असतात. नवीन रंग, नवीन बटणं, डिझाईन बदललं वगैरे जे वर्षातून एकदा येतं आणि ज्याला लोक वैतागतात ते मोठे अपडेट वेगळे. हा दर महिन्याचा म्हणजे नुसती डागडुजी.

आणि यातली खरी गोम ही आहे की दुरुस्तीबरोबर भोकांची यादी पण त्याच दिवशी जाहीर होते. जाहीर करावीच लागते. समजा कुलूप बनवणाऱ्याने गावात दवंडी पिटवली की अमुक नंबरच्या कुलुपात खोट आहे, उद्यापासून दुकानात या आणि फुकट बदलून घ्या, तर ती दवंडी घरमालकाला ऐकू येते तशी चोरालाही येते. चोर जुनी फाईल आणि नवीन फाईल शेजारी शेजारी ठेवून बघतो की काय बदललं, तिथून त्याला भोक सापडतं, आणि मग ज्यांनी कुलूप बदललं नाही त्यांची दारं तो शोधत फिरतो. शोधत म्हणजे तो स्वतः नाही, त्याचा प्रोग्रॅम, दिवसरात्र, नंबरामागून नंबर. तेव्हा अपडेट न टाकणं म्हणजे मशीन आहे तसं राहणं नव्हे. मशीन तेच राहतं, पण त्याची खोट माहीत असलेली माणसं दर महिन्याला वाढत जातात.

मंडळातले एक संचालक मला म्हणाले होते, "आपल्या तालुक्याच्या गावात कोण हॅकर येणार?" साहेब, तुम्ही वयाने मोठे आहात, मी तुमचा मान ठेवून सांगते, त्या प्रोग्रॅमला गाव कळत नाही. वॉनाक्रायने दीडशे देशांत दोन लाखांच्या वर कॉम्प्युटर धरले त्यात इंग्लंडची सरकारी हॉस्पिटलं होती, आंध्र प्रदेश पोलिसांची मशीन होती आणि केरळमधल्या ग्रामपंचायतीची पण होती. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर कुणाचा डोळा असणार? कुणाचाच नाही, दार उघडं होतं एवढंच. इंग्लंडमध्ये नंतर चौकशी झाली, एकोणीस हजारांच्या आसपास अपॉइंटमेंट रद्द झाल्या असा अंदाज निघाला आणि निष्कर्ष असा की साधी नेहमीची काळजी घेतली असती तर हे टळलं असतं. वॉनाक्रायच्या पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचं तसंच दुसरं आलं. त्याचा सुरुवातीचा शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून झाला होता, पण पसरताना इतर युक्त्यांबरोबर मार्चच्या अपडेटने बुजवलेलं तेच भोक वापरलं, आणि त्यात आपल्या न्हावाशेव्याचं एक टर्मिनल बंद पडलं, कंटेनरचे ट्रक बाहेर उभे. युक्रेनमधून सुटलेली गोष्ट उरणपर्यंत आली, आपलं गाव तिला कितीसं लांब?

दुसरं तुमचं म्हणणं, डेटा तर सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर आहे, काउंटरच्या मशीनमध्ये काय ठेवलंय. ठेवलेलं काही नाही पण टाईप सगळं तिथेच होतं. क्लार्कचा पासवर्ड तिथे, मॅनेजरने व्हाऊचर पास करायचं ते तिथे, सभासदांचे आधार, पॅन, सह्यांचे नमुने स्कॅन होऊन आधी तिथल्याच डेस्कटॉपवर पडतात, मी स्वतः बघितलेत, "नवीन फोल्डर", "नवीन फोल्डर २" असे. काउंटरच्या मशीनमध्ये शिरलेला माणूस सर्व्हरला लांबून धडका मारत बसत नाही, तुमच्या क्लार्कच्या नावाने आत जातो. ३१ जुलै २०२४ ला सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आलं तेव्हा सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले, कारण ते पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्या सिस्टीमला वेगळं काढलं. तो हल्ला विंडोजच्या अपडेटमुळे झाला असं मी म्हणत नाही. कंपनी लांब असली, सर्व्हर लांब असला तरी थांबतो तो आपल्याच गावातला काउंटर, एवढंच दाखवायचंय.

तिसरं, अँटीव्हायरस आहे ना. आहे, आणि असू दे. अँटीव्हायरस राखणदार आहे, भिंतीला भगदाड असेल तर राखणदाराने एकट्याने किती बघायचं. शिवाय तुमच्या नऊ मशीनवरचं त्याचं लायसन जुलैमध्येच संपलं होतं, ते मी लेखी कळवलंय.

चौथं मात्र खरं आहे आणि ते मी लपवणार नाही, की अपडेटमुळे कधी कधी मशीन बिघडतं. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की निळी स्क्रीन यायची, आठवडाभरात त्याची दुरुस्ती आली, पण ते दिवस माझेही फोन घेण्यातच गेले. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फायली उडवल्या होत्या, तो त्यांना मागे घ्यावा लागला. त्यामुळे भीती खोटी आहे असं नाही. पण १९ जुलै २०२४ ला विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली ते उदाहरण तुम्ही मीटिंगमध्ये दिलंत असं कळलं, तर ते विंडोजच्या महिन्याच्या अपडेटमुळे नव्हतं, क्राउडस्ट्राईक नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकलेल्या फाईलमुळे होतं. आणि बिघडण्याच्या भीतीवर उपाय ठरलेला आहे. बुधवारी एकाच मशीनवर अपडेट टाकायचा, ज्याला पासबुक प्रिंटर जोडलाय त्याच. तीन दिवस काम करून बघायचं, पासबुक छापतंय का, पिग्मीचं मशीन डेटा देतंय का, स्कॅनर चालतोय का. ठीक असेल तर शनिवारी रात्री बाकी सगळे. विंडोजचं प्रो व्हर्जन असेल तर हे त्यातल्या ग्रुप पॉलिसीमधून होतं, तीस दिवसांपर्यंत अपडेट लांबवता येतो. नेटचं म्हणाल तर एका मशीनने उतरवलेला अपडेट बाकीची मशीन ऑफिसच्या नेटवर्कवरच एकमेकांकडून घेतात, सव्वीस वेळा डाऊनलोड करावा लागत नाही. आणि मागचे महिने चुकले म्हणून एकेक शोधत बसायचं पण नाही, शेवटच्या अपडेटमध्ये आधीच्या सगळ्या दुरुस्त्या असतात.

हे झालं ठरावाबद्दल. पण त्यानंतर जे झालं, म्हणजे खरं तर झालं नाही, ते मला जास्त लागलंय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुलै २०१५ मध्ये आलं तेव्हापासून ही वेळ कधीतरी येणार होती, तारीखही कित्येक वर्षं आधी जाहीर झालेली. तुमच्या सव्वीसपैकी सतरा मशीन इतकी जुनी आहेत की विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्यांच्यात नाही. मी सप्टेंबरमध्ये दोन पानी पत्र दिलं, पोच माझ्याकडे आहे. त्यात पर्याय लिहिले होते. संस्थांना पैसे भरून आणखी तीन वर्षांपर्यंत महिन्याचे सुरक्षा अपडेट घेता येतात, पहिल्या वर्षाला एका मशीनमागे ६१ डॉलर, म्हणजे साधारण पाच-साडेपाच हजार रुपये, पुढे दर वर्षी दुप्पट. आणि दुसऱ्या वर्षी सुरू करायचं म्हटलं तर पहिल्या वर्षाचे पण भरावे लागतात, त्यामुळे थांबून काही वाचत नाही. सतरा मशीनचे नव्वद हजारांच्या आसपास. किंवा दोन टप्प्यांत मशीन बदला. घरगुती वापरासाठी जी एक वर्षाची सवलत आहे ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे आणि ती धंद्याच्या, संस्थेच्या मशीनसाठी नाही, तेव्हा कुणी "फुकटात करून देतो" म्हणत आलं तर ऐकू नका. क्रॅक टाकून देणारा आला तर अजिबात ऐकू नका, क्रॅकबरोबर काय काय आत येतं ते नंतर निस्तरता येत नाही.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. वार्षिक अहवालात मात्र रौप्यमहोत्सवाचा खर्च चार लाख वीस हजार दिसतो. कार्यक्रम छान झाला, आईला मिळालेला स्टीलचा डबा ती रोज वापरते, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण त्याच अहवालात कॉम्प्युटर दुरुस्ती आणि देखभाल या ओळीपुढे अडतीस हजार आहेत आणि ते वाचून मला भीती वाटते.

शिवाय सोनेतारणच्या टेबलावरचं मशीन अजून विंडोज ७ वर आहे, त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय. जुना स्कॅनर फक्त त्यावरच चालतो म्हणून ठेवलंय, ते समजू शकते. पण त्याला ऑफिसच्या नेटवर्कची लॅन केबल कशाला लावलीय? केबल काढा, स्कॅन पेनड्राईव्हने घ्या, तो पेनड्राईव्ह दुसरीकडे वापरू नका. याला एक रुपया लागत नाही. हेही मी सांगितलं होतं.

ठेवीदारांसाठी एक गोष्ट लिहिते, कारण बऱ्याच जणांना ती माहीत नसते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, त्यात अपडेटचा हिशेब ठेवणं पण येतं. पतसंस्था त्यात येत नाहीत. म्हणजे वरून कुणी डोळे वटारत नाही, विचारायचं ते आपण सभासदांनीच. माझ्या आईने बँक सोडून तुमच्याकडे ठेव ठेवली ती अर्धा टक्का व्याज जास्त म्हणून नाही, चेअरमन साहेब, तुमच्या वडिलांना ती ओळखायची म्हणून. ती म्हणते, "ओळखीच्या माणसांत पैसा सुरक्षित." तिला मी तो कागद काय आहे ते अजून सांगितलेलं नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते. लोकांची वैयक्तिक माहिती नीट सांभाळली नाही तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सहा तासांत कळवायचं असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. मी तुमच्या मॅनेजर साहेबांना विचारलं होतं की असं काही झालं तर पहिला फोन कुणाला करायचा, ते म्हणाले, "तुम्हालाच करणार ना." आता मी पण नाही, मग कुणाला?

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. तो ठराव मागे घ्या आणि ज्या मशीनला अपडेट मिळू शकतात त्यांचे या महिन्यात चालू करा. काउंटरवरचे कागद काढा.

२. महिन्यातला एक शनिवार ठरवा. त्या रात्री मेन स्विच बंद करायचा नाही, हे शिपायाला लेखी द्या. यूपीएसच्या बॅटऱ्या आधी तपासा, अपडेट चालू असताना लाईट गेली तर दुसरंच दुखणं उभं राहतं.

३. सतरा जुन्या मशीनचं काय करणार ते ठरवा. पैसे भरून अपडेट घ्या नाहीतर मशीन बदला, एकदम जमत नसेल तर आधी कॅश काउंटर आणि मॅनेजरचं मशीन. पण "बघू" हे उत्तर नको, तारीख द्या.

४. विंडोज ७ च्या मशीनची केबल आज काढा.

५. बॅकअपची हार्डडिस्क बॅकअप झाला की काढून तिजोरीत ठेवा. दोन असतील तर आलटून पालटून. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातला डेटा खरंच उघडतो का ते दुसऱ्या मशीनवर बघा, अडत दुकानात मी काय बघितलं ते वर लिहिलंच आहे.

६. मागच्या महिन्यात किती मशीनवर अपडेट झाले, किती राहिले, का राहिले, हे अर्ध्या पानात लिहून दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा. ठेवींचे व्याजदर लावता त्याच्या शेजारी. आम्हाला वाचता येतं.

७. सप्टेंबरच्या आत जी वार्षिक सभा होईल तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. आयत्या वेळच्या विषयांत नको, आधी छापलेला हवा. सभेत मी बोलेन, आणि आवाज चढवणार नाही.

माझ्यावर राग धरलात तरी चालेल, पण काउंटरवरच्या पोरांवर काढू नका. त्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही, कागद सगळ्यांना दिसेल असाच लावलेला आहे. उलट त्यातल्या दोघी हुशार आहेत, त्यांना हे सगळं महिन्याभरात जमेल, बाहेरचा माणूस लागणारच नाही. शिकवायला मी यायला तयार आहे, तीन शनिवार, पैसे नकोत, फक्त मेन स्विच चालू ठेवा.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री नवीन अपडेट येईल. बुधवारी मी आईचं पासबुक भरून घ्यायला येणार आहे, दोन नंबरच्या काउंटरवरच येईन.

आपली नम्र,
एक सभासद आणि ठेवीदाराची मुलगी